दगडाआधीचे

तुम्ही मूळचे कुठले, असं प्रोश्पेर ओब्राला कुणी विचारलं की त्याचं डोकं फिरायचं. मूळचे कुठले म्हणजे काय? मूळचे इथलेच! स्मोक्विना गावात पहिला दगड रचला गेला, त्याच्याही आधी ओब्रांचं घर इथं होतं, असं तो छातीवर हात मारून सांगायचा. मग ते घर कशाचं बांधलं होतं, हे विचारायची हिंमत गावात एकटीचीच. ती म्हणजे त्याची बायको, पेरिना.

"वाऱ्याचं," ती स्वतःच उत्तर द्यायची. "ओब्रांच्या घरात वाऱ्याला कधी तोटा पडलाय?"

कागदोपत्री त्यांचं आडनाव वेगळं होतं. पण अर्ध्या गावाचं आडनाव तेच, म्हणून आमच्याकडे घरं टोपणनावानं ओळखली जातात. ह्या घरातल्या पुरुषांच्या भुवया पागोळीसारख्या पुढं आलेल्या. भुवईला आम्ही ओब्र्वा म्हणतो, म्हणून ते ओब्रा. निदान सगळं गाव तसंच धरून चाललं होतं.

हिवाळ्यात बंदरावरच्या खानावळीत पत्ते रंगले की गाडी हमखास एकाच स्टेशनावर यायची. आपण क्रोएट माणसं आलो तरी कुठून? निवृत्त पोस्टमास्तर लुक्षा इराणच्या बाजूचा. काळ्या समुद्रापलीकडे सापडलेल्या कुठल्याशा ग्रीक शिळेवर आपलं नाव कोरलेलं आहे, हे तो प्रत्येक डावाला ऐकवायचा. चर्चची घंटा वाजवणारा म्हणायचा, छे, छे, पाच भाऊ आणि दोन बहिणी कार्पेथियन डोंगरापलीकडून चालत आल्या, त्यांची आपण लेकरं. तिसऱ्याचे डोळे निळे, एवढ्या पुराव्यावर तो स्वतःला उत्तरेकडच्या गॉथ टोळ्यांतला समजे. सगळ्यांचं बोलून झालं की प्रोश्पेर हातातलं पान टेबलावर आपटायचा.

"आलात ना सगळे? कुठून आलात ते तुमचं तुम्ही भांडून ठरवा. मी दारात उभा राहून तुम्हाला येताना बघत होतो!"

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतात. आमच्या बेटावर नदीही नाही आणि ऋषी तर औषधालाही सापडायचा नाही, त्यामुळे लोक बिनधास्त शोधत बसतात.

ह्या प्रोश्पेरचा जीव एकाच माणसात अडकलेला होता, आणि ती म्हणजे त्याची नात दिंका. तिचा बाप समुद्रावर गेला तो परत आला नाही, आई त्याच्यामागं खंगून गेली. पोरीला प्रोश्पेरनं आणि पेरिनानं वाढवलं. वल्ही मारायला, सार्डिन मासे मीठ घालून मुरवायला आणि पत्त्यांत लबाडी करायला त्यानंच तिला शिकवलं. पुढं ती शिकायला स्प्लिटला गेली आणि तिथंच विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत लागली. जुनी हाडं आणि जिवंत माणसांची थुंकी तपासून कोण कुठून आलं ते शोधायचं, हे तिचं काम. प्रोश्पेरला त्याचा कोण अभिमान! "माझी नात सगळ्यांची कुळं काढते," तो सांगायचा. "आपलं काढायची तिला गरज नाही."

आणि ह्या दिंकानं नवरा निवडला तो डोंगरापलीकडचा! बारिशा त्याचं नाव. पोरगा देखणा, कामाचा, बोलायला गोड, त्याच्यात काढायला खोट नव्हती. एकच होती. तो व्लाय होता. डोंगरामागच्या मेंढपाळ मुलखातल्या माणसाला आम्ही बेटवाले व्लाय म्हणतो आणि ते आम्हाला बोदुल म्हणतात. दोन्ही शब्द मायेनं उच्चारता येतात, पण तशी सवय कुणाला नाही.

बोलणी करायला बारिशाला घेऊन त्याचा आजोबा शिमुन आला. बारिशाचे आईबाप जर्मनीत कामाला, त्यामुळे घरातलं वडीलधारं माणूस हेच. शिमुननं तारुण्यात भाला घेऊन घोडा उधळत टांगलेल्या लोखंडी कडीचा नेम धरलेला, मिशा अजून तशाच ताठ. पण समुद्राचं नाव काढलं की तो दोन पावलं मागं सरायचा. बोटीतून उतरला तेव्हा तो धक्क्यावरचा लोखंडी खुंट्याला मिठी मारून उभा होता.

"देवानं समुद्रावर चालायला पाय दिले नाहीत, व्याही," घाम पुसत तो म्हणाला. "ह्यातून माणसानं काय ते समजावं."

"आणि डोंगरात मासे दिले नाहीत," प्रोश्पेर म्हणाला. "त्यातून तुम्ही काय समजलात?"

"की मटण चांगलं असतं!"

इथवर ठीक चाललं होतं. द्राक्षांच्या मांडवाखाली टेबल मांडलं होतं, पेरिनानं कोकरू निखाऱ्याखाली झाकून भाजलेलं, वाइन घरची. दुसऱ्या घागरीला मात्र वाइन दोघांच्या डोक्यात गेली.

"तसे तुम्ही लोक अलीकडचेच म्हणा," प्रोश्पेर सहज बोलल्यासारखं म्हणाला. "पुढं मेंढ्या, मागं तुर्क, आणि मधे तुम्ही पळताय."

शिमुननं हाड ताटात ठेवलं. "आणि तुम्ही? व्हेनिसवाल्यांच्या खारवलेल्या माशांच्या पिंपातून उतरलात ते!"

"आम्ही दगडाआधीचे!"

"म्हणजे चिखलातले!"

बारिशा आपल्या आजोबाची बाही ओढत होता आणि दिंका तिच्या आजोबाची. पण प्रोश्पेर उठून उभा राहिलाच. उचलली जीभ लावली टाळ्याला, हा त्याचा जुना रोग.

"ऐका मग! वऱ्हाड आणा, नाहीतर फौज आणा. काल आलेल्यांना ओब्रांचं दार उघडणार नाही!"

पेरिनानं हातातली घागर खाली ठेवली. कारण दार ही आमच्याकडे थट्टेची गोष्ट नाही. म्हणजे थट्टा तिथंच होते, पण तिच्याशिवाय लग्न होत नाही. वऱ्हाड नवरीच्या घरी येतं तेव्हा दार बंद असतं. आतून घरातला म्हातारा तीनदा विचारतो, कोण तुम्ही, कुठून आलात? बाहेरून उत्तर येतं, दुरून आलो, थकून आलो, दार उघडा. म्हातारा म्हणतो, आम्ही दगडाआधीचे, आमच्या दाराशी तुमचं काय काम? मग टोमणे, घासाघीस, खोटी नवरी पुढं करणं. शेवटी दार उघडतं, म्हातारा नवरीचा हात धरून बाहेर येतो आणि तिला चर्चपर्यंत नेतो. बाप असेल तिथं बाप, नसेल तिथं आजोबा. आणि दिंकाला आजोबाच होता.

दिंका ओरडली नाही. ती ओरडली असती तर प्रोश्पेरला बरं वाटलं असतं.

"नोनो," ती म्हणाली, आजोबाला ती लहानपणापासून नोनोच म्हणे, "लग्न तर मी करणारच. तू दार उघडणार नसशील तर स्प्लिटच्या कचेरीत जाऊन सही करीन. तिथं माझा हात धरायला कुणी नसेल. आणि ज्या दारातून तू मला पाठवलं नाहीस, त्या दारात मी परत कशाला येऊ?"

माघार घ्यावी असं प्रोश्पेरला वाटत होतं, पण समोर शिमुनच्या मिशा होत्या. अशा वेळी ह्या घरात जे नेहमी होतं तेच झालं. पेरिना बोलली.

"भांडण कशावरून आहे? जुना कोण, ह्यावरूनच ना? मग पोरगी त्या प्रयोगशाळेत काय माश्या मारायला जाते? थुंका दोघंही नळीत!"

"थुंकतो!" प्रोश्पेर गरजला. सुटकेची वाट दिसली की तो नेहमीच जरा जास्त जोरात पळायचा. "आणि हे सगळ्यांदेखत सांगतो. मी जुना निघालो, तर दार बंद. आणि हा व्लाय माझ्यापेक्षा जुना निघाला, तर... तर हा माझ्या घरात मालकासारखा उभा राहील, मी बाहेर वऱ्हाडात उभा राहून दार ठोठावीन!"

"मी नाही तपासणार," दिंका म्हणाली. "मी लबाडी केली म्हणशील, तूच तर शिकवलीस. प्रयोगशाळेतल्या माझ्या बाई तपासतील. आणि एक नीट लक्षात ठेव, नोनो. माझं लग्न पणाला लागलेलं नाही. पणाला तू लागलायस. तू माझ्या लग्नात असतोस की नसतोस, एवढंच ठरायचंय."

दोघं थुंकले. शिमुननं आधी चूळ भरली, तर प्रोश्पेर म्हणाला, बघा, पुरावा धुतोय.

द्राक्षांत पाणी भरून ती टपोरी व्हायला लागली तेव्हा निकाल आला. दिंका दुपारच्या बोटीनं आली आणि पिशवी खाली ठेवायच्या आधी तिनं बारिशाला फोन लावला. शिमुन समुद्र ओलांडायला तयार नव्हता, म्हणून तो फोनच्या पडद्यावर हजर झाला. पडदाभर मिशाच दिसत होत्या. ही बातमी गावाला कशी लागली देव जाणे, पण पोस्टमास्तर लुक्षा अंजिरं मागायच्या निमित्तानं कुंपणाशी येऊन उभा होता. त्याच्या स्वतःच्या अंगणात अंजिराची चार झाडं आहेत.

"आधी शिमुन आजोबा," दिंका म्हणाली. तिचे गाल लाल झाले होते. कामाचं बोलताना तिचं असंच व्हायचं, लहानपणी पहिला ऑक्टोपस पकडला तेव्हाही असेच झाले होते. "बापाकडून मुलाकडे, त्याच्याकडून त्याच्या मुलाकडे, असा एक धागा न तुटता येतो. तुमचा धागा डोंगरापलीकडे एका दगडांच्या ढिगाखाली पुरलेल्या माणसाशी जुळतो. तो माणूस साडेतीन हजार वर्षांपूर्वी मेलाय! क्रोएट हे नाव नव्हतं तेव्हा. रोमन नव्हते, ग्रीकसुद्धा किनाऱ्याला लागले नव्हते!"

फोनमधून असा आवाज आला, की पेरिनाचं मांजर मांडवावर चढलं. शिमुन ओरडत होता, मागं कुणीतरी टाळ्या वाजवत होतं, बारिशा "थांब, थांब, पडशील!" म्हणत होता. मिशा गेल्या, मग छत दिसलं, मग पुन्हा मिशा आल्या.

"ऐकलंस का रे, बोदुल? दगडांखाली! आमच्यावर दगड आहेत, म्हणजे आम्ही दगडाआधीचे!"

"थांब जरा, मिशाळ्या," प्रोश्पेर म्हणाला. त्याचा आवाज ताठ होता, पण हात टेबलाखाली गेला होता. "माझं सांग, दिंका. साडेतीन हजार म्हणजे काय मोठंसं नाही."

दिंका त्याच्याशेजारी जाऊन बसली. तिथंच त्यानं ओळखलं. वाईट बातमी सांगायची असली की ती शेजारी येऊन बसते.

"नोनो, तुझा धागा इथला नाहीच. तो फार लांब पूर्वेकडच्या गवताळ मैदानांवरचा आहे. तिथं माणसं चालायच्या आधी घोड्यावर बसायला शिकायची. आपल्या बेटांवर असा धागा थोड्या घरांत सापडतो. तो इथं कसा आला हे नक्की कुणालाच ठाऊक नाही. काही जण म्हणतात, अवार घोडेस्वारांबरोबर आला असेल. आपली भाषा घेऊन स्लाव लोक आले त्याच काळात तेही आले होते." ती क्षणभर थांबली. "आणि जुन्या स्लाव बोलीत अवारांना काय म्हणायचे माहीत आहे? ओब्रि."

कुंपणापलीकडे लुक्षाच्या हातातलं अंजीर खाली पडलं.

"ओब्रि," पेरिनानं सावकाश उच्चारलं. मग ती हसायला लागली, आणि हसता हसता तिला खुर्चीचा आधार घ्यावा लागला. "आणि आम्ही ह्याच्या भुवया बघत बसलो!"

"म्हणजे ते नक्की?" प्रोश्पेरनं विचारलं.

"नाही, नोनो. नावाचं तर नुसतं 'असेल'. शास्त्र फार वेळा 'असेल' म्हणतं."

"मी आयुष्यात कधी 'असेल' म्हटलं नाही," प्रोश्पेर पुटपुटला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. जो माणूस चित्रातल्या घोड्यालाही दचकायचा, बंदरावरच्या गाढवाला वळसा घालून जायचा, तो घोडेस्वारांचा वंशज! आणि आयुष्यभर ज्याला त्याला 'तू कधी आलास' म्हणून हिणवणारा तो, सगळ्यांत लांबून आलेला!

"आणि आईकडून?" त्यानं एकदम विचारलं. बुडत्याला काडीचा आधार. "आईकडचा पण धागा असतो ना?"

"असतो. आईच्या आईच्या आईकडून येणारा तुझा धागा अगदी इथला आहे. ह्याच किनाऱ्यावरचा, फार फार जुना. कदाचित शिमुन आजोबांच्या धाग्याहूनही. आणि त्यांच्या आईचा धागा उत्तरेकडून आलाय, स्लाव लोकांबरोबर."

"मग! बघा!" प्रोश्पेर उठलाच.

"बस खाली," पेरिना म्हणाली. "पैज बापांवर लागली होती. आजवर आयांना कधी मोजलंस? आता बरी आठवली आई!"

"आणि हे दोन धागे म्हणजे सगळं नव्हे," दिंका दोघांनाही सांगत होती, फोनकडे आणि आजोबाकडे आळीपाळीनं बघत. "गोधडीतले दोन टाके फक्त. बाकीची गोधडी बघितली तर निम्म्याहून जास्त उत्तरेचे स्लाव, उरलेले इथले जुने लोक, आणि मधे मधे कुणाकुणाचे तुकडे. बाईंनी तुमच्या दोघांच्या नळ्यांवरची नावं झाकली आणि विचारलं, ह्यातला व्लाय कोण नि बोदुल कोण? प्रयोगशाळेत एकालाही सांगता आलं नाही!"

पण तिकडे शिमुन ऐकण्याच्या पलीकडे गेला होता. तो घराचा मालक म्हणून कुठला कोट घालायचा ते विचारत होता.

लग्नापर्यंत गावानं प्रोश्पेरला जगू दिलं नाही. खानावळीत शिरला की कुणीतरी टेबलावर टापांचा आवाज काढायचं. दुकानदारीण त्याला विचारायची, गवत देऊ का? तो मूग गिळून बसे. संध्याकाळी मळ्यातल्या दगडी बांधावर जाऊन बसायचा. हे बांध आपल्या बापजाद्यांनी रचले एवढं तरी खरं होतं, पण त्यांच्या आधीच्यांनी काय रचलं? तंबू? दिंकाच्या लग्नात बाहेर उभं राहायचं, ह्या कल्पनेनं त्याचे कान तापायचे. एकदा तो पेरिनाला म्हणालाही, त्या दिवशी माझी कंबर धरली तर?

"धरू दे," ती म्हणाली. "मग पोरीचा हात कोण धरील तेवढं सांगून ठेव."

लग्नाच्या सकाळी दक्षिणेचा वारा सुटला. धक्क्यावर लाटा फुटत होत्या, मोठी बोट बंद झाल्याचं रेडिओवर सांगत होते, आणि गावभर एकच घोळ. वऱ्हाड येणार कसं? कुणी म्हणे मासेमारीच्या बोटीनं निघालेत, कुणी म्हणे परत फिरले. प्रोश्पेर चर्चच्या मागच्या टेकाडावर जाऊन उभा राहिला. त्याचा नवा कोट वाऱ्यानं फडफडत होता. नाही आले तर मी सुटलो, असा एक विचार त्याच्या मनात आला. पण तेवढ्यात त्याला पांढऱ्या लाटांमधून एक बुटकी बोट वर येताना दिसली, खाली गेली, पुन्हा वर आली, आणि तिच्यावर लाल-पांढरा-निळा झेंडा फडकत होता. तो इतका मोठ्यानं ओरडला, की खाली बायका घराबाहेर आल्या.

"आले! शहाणा आहे नावाडी, लाटेला तिरका घेतोय! आले रे!"

धावत तो धक्क्यावर आला तेव्हा अकॉर्डियन वाजत होतं, वऱ्हाडी भिजून चिंब, आणि तरी गात होते. सगळ्यांत शेवटी शिमुन उतरला. चेहरा कच्च्या द्राक्षासारखा हिरवा, मिशा खाली लोंबलेल्या. प्रोश्पेरनं त्याला दंडाला धरून वर ओढलं.

"माझे पूर्वज," शिमुन धापा टाकत म्हणाला, "कितीही जुने असोत. एकालाही ह्यापेक्षा वाईट वाट कुणी दाखवली नसेल."

"परत फिरायचं होतंत."

"आणि तुमच्या घराचा मालक कोण झाला असता?"

झालं! एवढ्या वादळातही तो हे विसरला नव्हता. प्रोश्पेरनं खिशातून किल्ली काढली आणि त्याच्या हातात ठेवली. शिमुन मागच्या दारानं आत गेला, आणि प्रोश्पेर ओब्रा आपल्याच घरासमोर, डोंगरापलीकडच्या ओल्या माणसांच्या घोळक्यात, सगळ्यांच्या पुढं जाऊन उभा राहिला. गाव लोटलं होतं. लोक खिडक्यांत बसले होते, कुंपणावर चढले होते. लुक्षानं तर घरून खुर्ची आणली होती.

आपलं दार त्यानं बाहेरून बंद असं कधी नीट बघितलंच नव्हतं. दिवसभर ते उघडं असायचं आणि रात्री तो आत असायचा. खालच्या फळीचा रंग उडाला होता. आतून भाजलेल्या कोकराचा वास येत होता. त्यानं ठोठावलं.

"कोण तुम्ही? कुठून आलात?" आतून आवाज घुमला. जमिनीवर पाय टेकल्याबरोबर शिमुनला पुन्हा कंठ फुटला होता.

"दुरून आलो, थकून आलो, दार उघडा," प्रोश्पेर कोटाच्या कॉलरमध्ये पुटपुटला.

"ऐकू येत नाही!" गाव ओरडलं.

"आम्ही दगडाआधीचे!" शिमुन आतून गरजला, आणि त्याला एवढा आनंद झाला होता की त्यानं ते दोनदा म्हटलं. "आमच्या दाराशी तुमचं काय काम?"

हशा पिकला. प्रोश्पेरचे कान जळत होते. "आमचं कबुतर तुमच्या अंगणात उतरलंय. द्या म्हणजे झालं."

दार हातभर उघडलं आणि पांढऱ्या जाळीच्या बुरख्यातली नवरी बाहेर ढकलली गेली. ठेंगणी, रुंद, आणि हसून हसून हलणारी. प्रोश्पेरनं जाळी उचलली. पेरिना!

"ही नको!" तो ओरडला. "ही मी एकदा नेली, ती अजून परत घ्यायला कुणी तयार नाही!"

लोक टाळ्या पिटत होते. पण पेरिना टाचा उंचावून त्याच्या कोटाची कॉलर सरळ करत होती, आणि त्याच्या एकट्याच्या कानात म्हणाली, "ठरलेलं बोलू नकोस आता. पोरगी दाराच्या मागं उभी आहे. तिला ऐकू येतंय."

दार पुन्हा बंद झालं. दुसऱ्यांदा प्रश्न आला, त्याचं उत्तर त्यानं कसंतरी दिलं. मग तिसरा आला.

"शेवटचं विचारतो! कोण तुम्ही? कुठून आलात?"

प्रोश्पेरनं तोंड उघडलं आणि त्याला 'दुरून आलो' म्हणवेना. हे वाक्य त्यानं लहानपणापासून ऐकलं होतं, आतून, हसत. त्याचा अर्थ काय, हे त्याला कधी समजून घ्यावंच लागलं नव्हतं. मागं बारिशा उभा होता, केसांतून समुद्राचं पाणी गळत होतं, आणि तो घाबरलेला दिसत होता. थट्टेतसुद्धा बंद दारासमोर माणूस थोडा घाबरतोच, हे प्रोश्पेरला आजच कळलं होतं.

"मी घोड्यावरून आलो," तो म्हणाला.

लोक हसले. मग त्याचा चेहरा बघून हसायचे थांबले.

"कुठून आलो ते मला नीट ठाऊक नाही. फार लांबून. बरोबरची माणसं कुठं गेली तेही ठाऊक नाही. मला इथली भाषा येत नव्हती. जाळं टाकता येत नव्हतं, पोहतासुद्धा येत नव्हतं. इथंच कुठंतरी एका दारात येऊन उभा राहिलो असेन." असेन, हा शब्द तोंडातून गेला तेव्हा त्याचं त्यालाच नवल वाटलं. "आतून कुणीतरी विचारलं असेल, कोण तू, कुठून आलास? मी काय बोललो ते तिला कळलंही नसेल. तरी तिनं दार उघडलं. ती इथली होती. माझी आई ती. तिनं उघडलं म्हणून मी आहे, आणि दिंका आहे." त्यानं दारावर हाताचा पंजा टेकवला. "आम्ही दगडाआधीचे नाही रे, शिमुन. आम्हाला घरात घेतलं कुणीतरी. आता तू उघड."

आतून कुणीतरी जोरात नाक शिंकरलं. ह्यावर मालकानं काय म्हणायचं हे रिवाजात कुठं सांगितलेलंच नव्हतं.

"ये की आत," शिमुनचा घोगरा आवाज आला. "घर तुझंच आहे, गाढवा." मग अडसर खडखडला, पुन्हा खडखडला. "उघडत नाहीये! हे कसलं दार बांधलंय तुम्ही!"

"वर उचल आणि डावीकडे दाब! डावीकडे! तुझी डावी!"

"माझीच तर दाबतोय!"

आतून झटापटीचा आवाज आला, "व्हा बाजूला, शिमुन आजोबा," असं दिंका म्हणाली, आणि वर, डावीकडे, एका हिसक्यात दार उघडलं. लहानपणापासून तिला ते उघडता येत होतं. पांढऱ्या झग्यात ती उंबऱ्यावर उभी होती आणि तिच्या डोळ्यांतलं काजळ गालावर उतरलं होतं.

"नोनो," ती म्हणाली, "किती वेळ बाहेर उभा आहेस!"

तिनं हात पुढं केला. तो त्यानं असा घट्ट धरला, की तिला बोटं सोडवून पुन्हा नीट द्यावी लागली. मागं अकॉर्डियननं सूर धरला, झेंडा वर गेला, शिमुन आणि पेरिना एकमेकांना रुमाल देत होते, आणि सगळं वऱ्हाड वाऱ्याला पाठ देऊन चर्चच्या उताराला लागलं.

वाटेत लुक्षा खुर्चीवरून उठलाच. आयुष्यभराची खाज त्याला आजच भागवायची होती.

"काय प्रोश्पेर, मग ठरलं का? तुम्ही ओब्रा मूळचे कुठले?"

प्रोश्पेरनं त्याच्याकडे बघितलं, दिंकाचा हात आपल्या दंडाशी आणखी जवळ ओढून घेतला आणि पाऊल उचललं.

"आत्ताच आलोय," तो म्हणाला. "बाजूला हो, पोरीला उशीर होतोय."